हिरवळीतली अक्षरं

बाई : गच्चीतला नळ नंतर बघा, मिस्त्री. आधी इकडे कठड्याशी या आणि खाली बघा. हे काय आहे?

मिस्त्री : तुमची हिरवळ, बाई.

बाई : शहाणपणा नको. हिरवळ वाळली. मधे जे हिरवं राहिलंय, ते वाचा.

मिस्त्री : ‘ती चोर नव्हती.’ बरं जमलंय की! ‘व्ह’ला पाइप कमी पडला, तेवढंच.

बाई : म्हणजे मुद्दाम केलंत?

मिस्त्री : ठिबकचे पाइप मातीखालीच हवेत, वर काही दिसायला नको, हे तुम्हीच म्हणालात. मग सगळीकडे हातभर अंतरावर एकेक पुरला. अक्षरांच्या जागी दोन-दोन. भरपूर पाणी होतं तोवर सगळंच हिरवं होतं. पाणीकपात आली, तुम्ही कॉक अर्धा केलात. डबल पाइपवरचं गवत तेवढं तगलं.

बाई : पण ‘ती’ कोण?

मिस्त्री : तुमच्याकडे स्वयंपाकाला होती ती. माझी सख्खी बहीण. बांगड्या गेल्या म्हणून तुम्ही दारात, सगळ्यांदेखत तिची पिशवी उलटी केलीत. वर शेजारच्या चार घरांत सांगून आलात. तिला कुणी दारात उभं करेना.

बाई : तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं हो.

मिस्त्री : तेव्हाचं सोडा. मी तुमच्या बाथरूमचा नळ बदलत होतो आणि तुम्ही फोनवर हसत होता. ‘अगं, कपाटामागेच पडल्या होत्या बांगड्या!’ हातातला पाना आरशावर घालणार होतो. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, हिरवळीचं काम कराल का?

बाई : तिला कळवणारच होते मी. राहून गेलं.

मिस्त्री : राहून गेलं! ती वर्षभर घरात तोंड लपवून बसलीय.

बाई : म्हणून इतका डूख धरायचा?

मिस्त्री : धरला. गुडघ्यांवर बसून चर खणत होतो, तेव्हा दुसरं काही डोक्यात नव्हतं.

बाई : हे बघा, रविवारी माणसं येणार आहेत. इथे गच्चीतच चहा आहे. काढून टाका हे.

मिस्त्री : त्या चार घरी जा. आपल्या तोंडानं सांगा. मग काढतो.

बाई : मी? लोकांच्या दारात उभं राहून?

मिस्त्री : तिला उभं केलंत की.

बाई : मला नाही जमणार. पाणीच बंद करते. वाळू दे सगळं.

मिस्त्री : करा. अक्षरं सगळ्यांत शेवटी वाळतील.