राजाबाईच्या गाडीची टोपी

न्हाय, पण हसताय कशाला? देवळाच्या पायरीला हात लावून सांगतो, ह्यात एक अक्षर खोटं न्हाय... बरं, एक असंल. दोन असतील. पण गाडी खरी, चढ खरा आणि राजाबाई तर लईच खरी! माझ्या शेजारच्या भरमूअण्णाची बायको ती. सगळा जन्म शेतात वाकून काढला आणि गेल्या साली कमरेखालचं अंगच गेलं. पाय हायत, पण हायत म्हणायचे.

आता आमच्या गावची यात्रा म्हंजे दरसालची न्हवं. गावदेवी लक्ष्मी कैक वर्षांनी एकदा यात्रेला गादीवर बसते. ती बसायच्या आदी मंगळवार-शुक्रवार वार पाळायचे. वाराला नांगर न्हाय, गिरण न्हाय, ठोकाठोकी न्हाय, घासाघाशी न्हाय! आणि शेवटच्या शुक्रवारी गावच रिकामं करायचं. म्हातारी-कोतारी, शेरडं-कोंबड्या, सगळ्यांनी दारं ओढून घेऊन डोंगरावरच्या माळावर जायचं, तिथंच रांधायचं, तिथंच पंगती, दिवस कलला की परत. आणि राजाबाईचा एकच हट्ट, 'मला माळावर बायकांच्या पंगतीला बसायचंय.' डॉक्टरनं भरमूअण्णाला बाजूला घेऊन सांगितलेलं, की येत्या दिवाळीचंबी धरून चालू नका. मग हा माणूस न्हाय कसा म्हणंल?

आम्ही म्हटलं, आक्का, चौघंजण उचलून नेतो की. तर काय म्हणाली? "चौघांनी उचलायचं त्या दिवशी उचला. अजून मला बोलता येतंय." घ्या!

मग भरमूअण्णा उठला आणि तडक गोव्याला गेला. तिथं समुद्रावर पर्यटकांना फिरवतात बघा, ती चार जाड्या चाकांची मोटारसायकल, टू-स्ट्रोक, एटीव्ही म्हंत्यात तिला, ती एक जुनी घेऊन आला. विकणारा गोंयकार म्हणाला म्हणे, "पात्रांव, वाळूंत घोड्यासारकी धांवता!" धावत असंल हो, वाळूत! आमच्या चढाला दोघं बसल्यावर घोड्याची शेळी झाली. अर्ध्यात धूर सोडून उभी.

गेला वडगावला, मायाप्पाकडं. मायाप्पाचं लेथ. यंत्रमागांचे सुटे भाग करून करून बोटं काळी झालेली, आणि स्वभाव असा, की काय विचारा, आदी "आयतु, आयतु", म्हंजे कानडीत 'बरं, बरं', म्हणणार आणि मग निर्णय तुमच्याच गळ्यात घालणार. म्हणाला, "अण्णा, समुद्रापाशी हवा दाट, आपल्याकडं पातळ. त्यात चढ, त्यात दोघं. इंजनाची टोपी बदलाय लागंल." टोपी म्हंजे इंजनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याला आतनं वाटीगत पोकळी, तिला डोम म्हंत्यात. वाटी खोल ठेवली तर हवा-पेट्रोल ऐसपैस बसतंय, कॉम्प्रेशन कमी, किक मऊ, पण दम न्हाय. वाटी उथळ केली की तेच सगळं चेंगरतंय, भडका जोरात, गाडी चढतीया, पण किक दगडागत आणि लई तापली की पिस्टनला भोक! "मग कुठला डोम करायचा?" भरमूअण्णानं विचारलं. "तुम्ही म्हणशीला तसा!"

आता तुम्हीच सांगा, मऊ का कडक?

भरमूअण्णानं गोव्याहून आलेली मऊ टोपी ठेवली आणि वर एक कडक करून आणली. वाटीत किती मावतंय ते मोजायला राजाबाईच्या इंजेक्शनची सिरिंज घेतली, तेल भरून थेंब-थेंब सोडतोय. ती खाटेवरनं म्हणते, "माझ्या सुईनं इंजनाला दवा देतायसा व्हय? आदी कोण बरं हुतंय बघू!" हसली, आणि हसताना खोकली, आणि हा तेल पुसत तिकडं तोंड करून बसला.

कडक टोपीनं पहिल्या किकलाच भरमूअण्णाला उकिरड्यावर फेकलं! खोटं न्हाय, शेणासकट उठला. साठी उलटलेला गुडघा तो, त्याला ती किक कशी झेपायची? लेक बंगळुरात, फोनवर सांगतोय, "आप्पा, सेल्फ-स्टार्ट बसव." बसव म्हणं! मऊ घातली तर चढत न्हाय, कडक घातली तर उठत न्हाय... मऊ का कडक?

शेवटी मायाप्पाकडनं मधली करून घेतली. सोमवारी सांजच्याला हातात आली. आता टोपीचा तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करावा लागतो, न्हायतर हवा गळते. बुधवारी घासली असती तर काय आभाळ पडणार हुतं? पण न्हाय! माणूस उतावळा. मंगळवारी, वाराच्या दिवशी, मागल्या दारी बसून खस्स खस्स चाललंय.

आतनं आवाज, "ओ, आज वार न्हवं? घासताय काय?"

"भांडी!"

अहो, उभ्या संसारात ह्या माणसानं तांब्या विसळला न्हाय! ती 'बरं' म्हणाली. तिथंच ओळखायचं हुतं.

बुधवारी मला पाठीमागं बसवून चढाची परीक्षा घेतली. माझं वजन तुम्ही बघतायच. गाडी सुईगत वर गेली! किक झेपतीया, दम हाय, तापत न्हाय. भरमूअण्णा माळावर उभा राहून एकटाच नाचला. घरी येऊन म्हणाला, "राजे, शुक्रवारी तू आणि मी!"

"कुठली टोपी हाय?"

"मधली."

"मंगळवारी घासलेली?"

झालं! "वार मोडलेल्या गाडीवर मी बसणार न्हाय. माझ्या पायांपायी गावावर काय यायला नको." लई विनवलं. पुजाऱ्याला विचारतो म्हणाला, तर म्हणती, "देवीला ठाऊक हाय, पुजाऱ्याला कशाला विचारताय?"

शुक्रवारी तर हत्याराला हातच लावायचा न्हाय, म्हणून गुरुवारीच टोपी बदलाय पाहिजे. हा पाना घेऊन बसला, एका मांडीवर मऊ, एका मांडीवर कडक. मायाप्पाला फोन. "आयतु अण्णा, तुम्ही म्हणशीला तसं." मऊ का कडक? मऊ का कडक? कडक घातली.

शुक्रवारी उजाडताना मी किक मारली. पोटरी अजून दुखतीया. राजाबाई हिरवं लुगडं नेसून मागं, पाय ओढणीनं गाडीला बांधलेले, हात भरमूअण्णाच्या कमरेला. आणि तुम्हाला सांगतो, गाडी चढली! सगळा गाव वर उभा, बायका धावत आल्या, 'राजाआक्का आली, राजाआक्का आली!' पंगतीच्या मधोमध बसवली तिला, आणि भात वाढताना...

...आता असं बघू नका माझ्याकडं.

बरं. खरं सांगतो, चढाच्या वळणावर टण्ण टण्ण झालं, आणि पिस्टनला भोक. मी मागनं चालत पोचलो तवा गाडी आडवी आणि ती दोघं बांधावर. वर चुलींचा धूर, बायकांचा गलका, सगळं ऐकू येतंय. मी म्हटलं, उचलतो. "नगं," म्हणाली, "हितनंबी दिसतंय की."

मग तिनं भरमूअण्णाला विचारलं, "ती मधली असती तर चढली असती?"

भरमूअण्णानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. म्हणाला, "छ्या! तीबी चढली नसती. चढच वाईट."

ती म्हणाली, "मग बरं झालं."

माळावरनं जेवणाची पानं खाली आणून तिथंच तिघं जेवलो. लक्ष्मी बसायच्या आदीच राजाबाई गेली.

तेवढं चढल्याचं खोटं माझं, बाकी सगळं खरं. मातीला आलेल्या पाव्हण्यांपुढं तोंडातनं निघून गेलं, 'चढली की, माळापतोर चढली!' भरमूअण्णा शेजारीच ऐकत बसलेला. आता तोच सगळ्यांना सांगतोय, पंगतीत बसली, दोनदा भात मागून घेतला... आणि कुणी न्हाय म्हणून मान हलवली की मला हाक मारतोय, "खोटं वाटतं तर ह्याला विचारा!"

मग मी काय करू? जातो, आणि शपथ घेतो.