घर पाहायला टँकर नेला

घर घेण्याआधी तपासून घ्यावं का, हे मला विचारता? अहो, कारंजा गावात घर पाहिलं तेव्हा ऐन मे महिना होता. नवा रंग, कोरड्या भिंती. आमची सारी जमापुंजी त्यात जाणार होती.

मालक म्हणाला, "शेटजी, बयाना आजच द्या. दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

"आधी छतावर पाणी भरून पाहीन."

"कायले? इथं प्याले पाणी नाही अन् तुमी छताले पाजून राह्यले!"

"टँकर माझा. पोत्याच्या तळाशी हात घातल्याशिवाय मी तूर घेत नाही, घर कसं घेऊ? गळलं नाही तर लगेच बयाना."

छतावरून पाणी जायच्या पाइपांत गोणपाट कोंबून पाणी भरलं आणि आम्ही खाली चहा घेत बसलो. बऱ्याच वेळानं एक थेंब टपकन मालकाच्याच कपात पडला.

"आईशप्पथ सांगतो, हे पहिल्यांदाच गळून राह्यलं!"

तेवढ्यात त्याची बायको आतून दोन पातेली घेऊन आली. एक तिनं थेंबाखाली ठेवलं आणि दुसरं हातात धरून मला म्हणाली, "भाऊ, तुमी जरा खुर्ची सरकवा. तिथलं आता सुरू होईन."