डावा हात मोकळा

आम्ही मूळचे मालवणकडचे, सासरे गिरणीत होते म्हणून घोडपदेवची खोली, लग्न होऊन मी आले ती इथेच. मी शाळेच्या ऑफिसात, हे कुरिअरमध्ये, आणि एकच मुलगी मानसी, अकरावीला. मला सगळं आदल्या दिवशी ठरवून ठेवायची सवय, बाजार, डबे, बिलं, पण काय सांगू तुम्हाला, दहावीच्या सुट्टीत तिचं तोंड सुजलं, पाय सुजले, आम्ही म्हटलं उन्हानं असेल, आणि परळच्या डॉक्टरांनी सांगितलं दोन्ही किडन्या गेल्यात. तेव्हापासून एक दिवसाआड डायलिसिस. पाणी मोजून, पोटॅशियम नको म्हणून बटाटा उकळून वरचं पाणी फेकायचं, शहाळं तर बंदच, आणि बघायला येणारे नेमके शहाळंच घेऊन येतात.

त्यात तिचा डावा हात. सुया टोचायला मनगटाच्या वर ऑपरेशन करून शिरा जोडल्यात, तिथे दाब चालत नाही, वजन चालत नाही, ती जोडणी चालू असली की वर बोट ठेवल्यावर आत रक्ताची थरथर लागते, बंद पडली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तर पुतणीचं लग्न निघालं. लालबागला दिरांकडे बांगड्या भरायचा कार्यक्रम, घरच्या सगळ्या बायकामुली बांगडीवालीपुढे बसलेल्या. मी वन्संना आधी फोन करून सांगितलं होतं, मानसीचा डावा हात नको. मी आत पोह्यांना फोडणी देत होते, बाहेर येऊन बघते तर मानसीचा डावाच हात बांगडीवालीच्या हातात, आणि वन्सं म्हणतायत, अगो भर तू, लग्नघरात पोरीचा हात भुंडा बरा दिसतो काय, सैलशा भर हव्या तर.

मी ओरडणार तेवढ्यात मानसीनंच हात ओढून घेतला. म्हणाली, आत्या, बोटं दे तुझी. वन्संची बोटं धरून मनगटाच्या वर टेकवली. वन्सं दचकल्याच, अगो बाई, आत गुरगुरता काय ह्या? मांजर पाळलंय, मानसी म्हणाली, ते दाबून मेलं तर माझ्या सुया काय तुझ्या नाकात टोचणार?

कुणी हसेना. मग वन्संनी डोळ्यांना पदर लावला आणि बांगडीवालीवरच खेकसल्या, बघत काय बसलीस, दोन्ही हातांच्या बांगड्या उजव्यातच भर, कोपरापर्यंत. मानसी म्हणते, मी काय दुकान आहे काय गं आत्या?

आता माझी किडनी तिला जुळते का, त्या तपासण्या चालल्यात, ह्यांना शुगर म्हणून त्यांची घेत नाहीत. रिपोर्ट यायचाय. फोन वाजला की हातातलं काम सुटतं. सकाळी उठले की आधी तिच्या हातावर बोटं टेकते, गुरगुर लागली की मग चहा ठेवते. ती झोपेतच म्हणते, आहे गं मांजर, जा तू.

बाकी सगळं मी आदल्या दिवशी ठरवते. हे तेवढं रोज सकाळी हात लावल्यावरच कळतं. गुरगुरत राहू दे रे देवा.