आवक क्रमांक चारशे बारा

—नाही, थांबा, चारशे बारा की चारशे एकवीस, इथेच मी अडखळतो. बाकीचं आठवतं असं म्हणतो खरा, पण माझ्या म्हणण्यावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा — दोन विषयांत एम.ए. केलं, शिकलो काय, तर शंका घ्यायला. बसा ना. ती वर्तमानपत्रं खाली ठेवा. तर तुम्ही सगुणाच्या नात. मुलीकडून. हो, कपाळ तेच आहे. आणि आजीची वही शोधत मुलुंडपर्यंत आलात. वही नव्हती हो ती. फुलस्केप कागद, हातानं लिहिलेले, दीडशेच्या वर. एकच प्रत. कार्बन घालून लिहायचं होतं, तर म्हणे कार्बन कचेरीचा, तो घरच्या कामाला कसा वापरू.

त्रेपन्न साल. कचेरी अंधेरीला, खात्याचं नाव राहू द्या. ती वेसाव्याची, कोळ्यांची, मॅट्रिक झालेली, आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या प्रत्येक कागदावर नंबर घालायचा, रजिस्टरात चढवायचा, हे तिचं काम. मी शेजारच्या टेबलावर, आलेल्या कागदांवर शेरे लिहायला. तिनं कादंबरी लिहिली, आणि पहिली मलाच वाचायला दिली. कसली विचारता? समुद्राखाली एक कचेरी आहे. खेकडा हेडक्लार्क, तो आडवाच चालतो म्हणून कुठलंही काम सरळ होत नाही. माकूळ शाई पुरवतो. लाटासुद्धा नंबर पडल्याशिवाय किनाऱ्याला जात नाहीत. आणि तिथे एक राजपुत्र, शाप मिळालेला — जगाच्या अर्जांवर शेरा लिहील, स्वतःचं म्हणून उत्तर द्यायला गेला की तोंडातून एकच निघतं, ‘पुढे सादर’. मग एक नाखव्याची मुलगी खाली उतरते आणि त्याला विचारते, माझ्याशी लग्न करशील का. संपलं. शेवटच्या पानावर प्रश्न, आणि पुढे अर्धं पान कोरं. आपण शेऱ्याला समास सोडतो ना, तसं.

मला कसं कळणार की राजपुत्र कोण? ‘पुढे सादर’, म्हणजे काय ते वरचा ठरवील, हे तर कचेरीत सगळेच लिहीत. पलीकडच्या टेबलावरचा चंद्रप्रकाश लिहायचा, आमचे जुने कारकून भाऊ लिहायचे. आता राजपुत्र लिहिण्याआधी टाक डाव्या बाहीला पुसतो असं होतं, आणि बाही — बरं, बाही माझीच निळी असायची. आमची आई त्यावरून रोज बोलायची. पण मला तेव्हा लक्षात आलं असं मी म्हणत नाही. आलंही असेल. पहिल्याच रात्री वाचताना आलं असेल.

मग मी काय केलं — हसू नका, नाही, तुम्ही हसत नाही आहात — मी कागदांना फायलीचं कव्हर घातलं, लाल नाडी बांधली आणि सगळ्यांदेखत तिच्याच टेबलावर ठेवली. म्हटलं, सगुणाबाई, कागद कचेरीत आला की नंबर पडलाच पाहिजे. आणि तिनं घातला. हसत. तिला वाटलं मी तिच्या गोष्टीतला खेळ खेळतोय. स्वतःच्या हातानं चढवला रजिस्टरात, विषयाच्या रकान्यात लिहिलं, ‘एक प्रश्न’.

फाइल मी फिरवली. टेबलामागून टेबल, प्रत्येकाचा शेरा. भाऊंनी लिहिलं, खेकड्याची बढती रोखावी. चंद्रप्रकाशनं लिहिलं, फाइलीला वास येतो, उन्हात वाळत घालावी. हे लिहिताना तो मोठ्यानं वाचत होता. ती तिथेच बसलेली, रजिस्टरात नंबर घालत. मी? मी तर विद्वान माणूस, मी सविस्तर लिहिलं. वृत्तान्त असंभाव्य, नायक दुबळा, नायिकेनं आपली पायरी ओळखून प्रश्न मागे घ्यावा. त्यावर फार हसले हो सगळे. लोक हसत असले की कोण कोणाचा राजपुत्र ते बघत नाहीत.

संध्याकाळी आली माझ्यापाशी. कचेरीत स्वच्छ मराठी बोलायची, पण त्या दिवशी म्हणाली, ‘मना माजी गोष्ट परत द्या.’ ते ‘मना’ चंद्रप्रकाशनं पुढे महिनाभर पुरवलं. मी म्हटलं, बाई, नंबर पडलेला कागद बाहेर देता येत नाही, नियम तुम्हाला ठाऊक. लेखी अर्ज करा.

केला. दर सोमवारी एक. अर्ज आला की त्यावरही नंबर तिनंच घालायचा, आणि मी तो त्याच फायलीला जोडायचा. अकरा अर्ज. अकरावा एका ओळीचा — फाइल नको, समासात कुणी काही लिहिलं असेल तर तेवढं दाखवा. मी शेवटचं पान उघडलं. ते तसंच कोरं होतं. सगळ्यांनी मागे शेरे मारले, तिथे कुणी लिहिलं नव्हतं. टाक घेतला. बाहीला पुसला. आणि पुढे सरकलो नाही. अर्जावर लिहिलं, ‘दप्तरी दाखल’. पुढच्या सोमवारी ती कचेरीतच आली नाही, त्यापुढच्याही नाही. वेसाव्याला जाऊन विचारावं असं वाटलं होतं. अंधेरीहून किती लांब ते, दोन-तीन मैल.

पाणी घ्या. नको? बरं.

फाइल कुठे गेली? मी इतकी वर्षं सांगत आलो, उंदरांनी खाल्ली. मलाही तेच वाटायचं. निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी जुन्या दप्तरात गेलो, तिथे नष्ट करायच्या फायलींच्या याद्या होत्या. एकाहत्तरची यादी काढली. तीनशे फायली, जाळण्याचा हुकूम, खाली सही माझी, तोवर अधिकारी मीच झालो होतो. आता तीनशे नंबर कोण वाचतो, अधिकारी डोळे मिटून सही करतो, हे मी तुम्हाला सांगणार होतो. निघालात? जिन्यात अंधार असतो, सांभाळून उतरा. चारशे बाराच होता. माझी सवय आहे, जो आकडा वाचला त्यापुढे पेन्सिलीनं बारीक टिंब देतो. त्या यादीत एकच टिंब होतं.