दगडावर बसलेल्या सहा निवट्या

दिनांक २१/०२/२०२५, सकाळी ११.४० वाजता

नाव बबन हिराजी म्हात्रे, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, राहणार मुर्धा गाव, भाईंदर पश्चिम.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी गिरिजा हिच्यासह राहतो. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी ॲसिडमध्ये धुण्याचा एक कारखाना आहे. तेथे अकरा वर्षांपासून मी सांडपाण्याच्या फिल्टरवर काम करतो. मालक साहिल शेठ यांनी माझ्यावर चोरीची तक्रार दिली आहे. पाच लिटरचा भरलेला कॅन मी नेत होतो, हे खरे आहे. त्यात काय होते ते तक्रारीत नाही, म्हणून मी सांगतो.

सांडपाण्यात चुना टाकून ते फिल्टरच्या कापडांतून दाबून काढतात. गाळ कापडावर राहतो आणि पाणी नाल्यातून खाडीला जाते. कापडे दिवाळीपासून फाटलेली आहेत. मी चार वेळा सांगितले. शेठ दर वेळी म्हणाले, चल रहा है ना, चलने दे.

गाळलेल्या पाण्याची तपासणी करायला बाहेरच्या लॅबचा माणूस येतो. काचेच्या टाकीत ते पाणी भरायचे, मासे सोडायचे आणि चार दिवसांनी किती जगले ते लिहायचे, अशी पद्धत आहे. डिसेंबरमध्ये दुकानातले मासे दुसऱ्याच सकाळी उलटे तरंगत होते. शेठ मला म्हणाले, "तुमच्या खाडीतला कुठला तरी कडक मासा आण ना, बबन. मरला नाही पाहिजे."

मी निवट्या नेल्या. निवटी चिखलातला मासा, अंग ओले असले की पाण्याबाहेरही जगते. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टाकीत मी एक दगडसुद्धा ठेवला. सहाच्या सहा निवट्या चार दिवस त्या दगडावर बसून राहिल्या. लॅबवाल्याने काचेतून मोजल्या आणि सर्व मासे जिवंत, असे लिहून दिले. शेठनी पेढे वाटले. मीही खाल्ला. तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजलो. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, हेही लिहून घ्यावे.

दिनांक १४ रोजी गिरिजा खाडीकाठच्या खाजणात निवट्या धरायला गेली. बिळात कोपरापर्यंत हात घालून ती निवटी काढते. सव्वीस वर्षे तेच करून विकते आहे. नऊच्या सुमारास ती रिकामी टोपली घेऊन परत आली. पोटऱ्यांपर्यंत कातडी सोललेली होती, बोटांच्या बेचक्यांत फोड होते. डॉक्टरांनी विचारले, चिखलात कसले पाणी आले होते? कागदावर ते पाणी चांगले होते आणि तो कागद मीच मिळवून दिला होता. घरी आल्यावर गिरिजा एवढेच म्हणाली, "तुमच्या पान्यात त्या जगल्या, मंग खाजनात का न्हाय जगल्या?"

ती अजून जमिनीवर पाय टेकू शकत नाही.

काल सकाळी दहा वाजता मी फिल्टरच्या नळाखाली कॅन भरला. चोरून नव्हे, सर्वांसमोर भरला. ठाणे शहरातल्या लॅबमध्ये देऊन डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचा होता. गेटवर मला अडवले आणि येथे आणले. कॅन सध्या आपल्या टेबलाखाली आहे.

आज शेठ येथे येऊन आपल्याला म्हणाले, पानी ही तो है साहब, फेंक दो, तक्रार मागे घेतो. मी समोर उभा होतो. अकरा वर्षांत त्यांनी माझ्यावर केलेली ही एकच मेहेरबानी. मला ती नको आहे.

मी चोरी केली असे लिहून घ्यावे. मी चोर असेन तर तो कॅन मुद्देमाल आहे, आणि मुद्देमाल कोणालाही ओतून टाकता येत नाही. त्यावर सील लावावे आणि तो तपासणीला पाठवावा. त्यासाठी जी शिक्षा होईल ती मला मान्य आहे.

माझा जबाब हवालदार रसिका मॅडम यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत, बाकी मी सांगितले तसेच आहे. या कागदावर आणि कॅनच्या सीलवर, दोन्हीकडे मी सही केली आहे.