अकरावे भोक

विभागीय रायफल स्पर्धेच्या सांघिक फेरीत वसईच्या शेवटच्या नेमबाजाने दहा गोळ्या झाडल्या. तीनशे मीटरवरच्या त्याच्या फलकावर अकरा भोके निघाली. संध्याकाळी विरारच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे वसईचे संघनायक सुधाकर आणि संयोजक हरिश्चंद्र उभे होते. गुंडाळलेला फलक हरिश्चंद्रांच्या काखेत होता.

“एक भोक जास्त म्हणून आमचा सर्वोत्तम नेम वगळलात, हरिभाऊ. एका गुणाने राज्यस्पर्धा गेली.”

“नियमच आहे, सुधाकरराव. शेजारच्याची गोळी चुकून लागली असेल.”

“त्याच्या फलकावर त्याच्या दहाच्या दहा आहेत. फलकांखालच्या खंदकात बसून फलक सांभाळायला मात्र तुमचे जावई होते, आणि त्यांचा भाऊ जिंकलेल्या संघात.”

“म्हणजे जावयाने पेन्सिल खुपसली म्हणता?”

“मी फक्त मोजतोय. फलक नवा होता?”

“कालच्या वैयक्तिक फेरीचाच. जुन्या भोकांवर काळे कागद मी स्वतः चिकटवले.”

“कशाने?”

“डिंक संपला होता. घरून तांदळाची खळ करून नेली.”

“आणि फलक दिवसभर उन्हात. उलगडा बघू. आता झटका.”

“अहो, हे काय पडलं?”

“मोजा.”

“...बारा.”

“बोला आता.”

“ही बस सोडा. परत मैदानावर जाऊ, निकाल बदलावा लागेल.”

अकरावे भोक कालचे होते. खळ उन्हात वाळली आणि त्यावरचा कागद गळून पडला.