पोचम्माच्या नावाची कोंबडी

...आणि वर हे शेजारी मलाच विचारतात, 'सारू, कुकरच्या किती शिट्ट्या करणार?' मास्तर ना मी, म्हणून सारू. आता तुम्हीच सांगा, माझ्या हातात रक्तानं भिजलेली कोंबडी, मागच्या दारी पिसांचा सडा, आणि मुंगूस... पळून गेलं म्हणता? छे, कुंपणाशी बसून माझ्याकडं बघत होतं, जणू मीच त्याच्या ताटातलं उचललं. अशा वेळी मी शेजारच्या नर्सव्वाला हाक मारली, 'नर्सव्वा, जरा हळद दे, मीठ दे, चमचाभर तेल दे.' जखमेला लावायला हो. तर बाई हळद, मीठ, तेल घेऊन आली आणि न मागता वाटीभर आलं-लसूण वाटून घेऊन आली. तिच्या मागोमाग तिचा नवरा ओदेलू, हातात ताडीचं मडकं.

'सारू, तुम्ही एकटे, एवढी कोंबडी कशी संपवणार? म्हटलं हातभार लावावा.'

म्हटलं, अरे, ती जिवंत आहे.

'मग घाई करा,' ओदेलू म्हणाला.

ओदेलू, म्हटलं, कोंबडी माझी नव्हे.

आणि तुम्हाला सांगतो, कोंबडी माझी नव्हेच. त्याचं असं झालं, तीन वर्षांपूर्वी शाळेच्या फाटकातच मी स्कूटरवरून पडलो, उजवा गुडघा गेला, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन. आमच्या बायकोनं, अंजव्वानं, ना डॉक्टरचं ऐकलं ना माझं. तडक वेशीवरच्या कडुलिंबाखाली गावदेवी पोचम्मापुढं, 'आई, यांचा गुडघा वाकू दे, आषाढात तुझ्या बोनालूच्या सणाला कोंबडी देईन.' येताना बाजारातून पिल्लूच घेऊन आली. गुडघा वाकला. पिल्लू वाढलं. आषाढ यायच्या आत अंजव्वाच गेली... म्हणजे बघा, नवस तिचा, गुडघा माझा, कोंबडी देवीची, मी आपला दाणे टाकणारा. पहिल्या आषाढात घरात दुखवटा होता. दुसऱ्या आषाढात मी विसरलो. विसरलो म्हणजे... विसरलो, झालं. आणि आता तिसरा आषाढ तीन आठवड्यांवर आलेला असताना हे मुंगूस.

नर्सव्वा म्हणाली, 'बघा, पोचम्मानं वाट बघितली बघितली, आणि आपली कोंबडी न्यायला मुंगूस धाडलं.'

'आणि केरसुणी घेऊन मागं धावायला मला कुणी धाडलं?'

नर्सव्वा म्हणाली, 'अंजक्कानं.'

मी मिठाच्या पाण्यानं जखम धुवायला घेतली.

मग टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात. तिथला कंपाउंडर सत्यम माझाच विद्यार्थी, तो म्हणतो, 'सारू, लोक इथं कोंबडी आणतात ती मला द्यायला. टाके घालायला आणणारे तुम्ही पहिलेच.' पण घातले हो पोरानं, मांडीला तीन, पाठीला दोन. वर सगळीकडं जांभळं औषध फासलं. म्हणाला, 'लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून मारतील, हिला वेगळी ठेवा.' वेगळी म्हणजे कुठं? माझ्या आरामखुर्चीत. मी? मी स्टुलावर. खायला काय, तर उकडलेल्या अंड्याचं पिवळं, त्यानं ताकद येते म्हणे. अंडं कुणाचं हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ओदेलू दारातून बघून म्हणाला, 'सारू, आमच्या घरी मला अंडं आठवड्यातून एकदा मिळतं.' म्हटलं, तुला मुंगूस चावू दे, मग बघू.

दहाव्या दिवशी उठून उभी राहिली. चालायला लागली. पण उजवा पाय काही वाकेना.

बोनालूच्या रविवारी नर्सव्वा डोक्यावर देवीच्या नैवेद्याचा घट घेऊन दारात हजर. 'सारू, चला. या वर्षी तरी विसरू नका.' काय करणार? अंजव्वाचा शब्द, तो मोडणारा मी कोण? कोंबडी टोपलीत घातली. सकाळी ज्वारी जरा जास्त टाकली होती, उगीच. कडुलिंबाखाली पोशय्या कुंभार, पोचम्माचा पुजारी, सुरी घेऊन बसलेला. त्यानं हिला जमिनीवर ठेवलं. ही जांभळी बया लंगडत लंगडत माझ्या पायाशी येऊन बसली.

पोशय्या म्हणाला, 'सारू, ही काय रंगपंचमीहून आणलीत? आणि लंगडी? देवीला अंगानं धड लागते.'

म्हटलं, 'मग नवसाचं?'

'पुढल्या आषाढात दुसरी आणा, धडधाकट.'

ओदेलू लगेच पुढं, 'आणि हिचं काय?'

'हिचं काय म्हणजे? देवीला नको, तर सारूंची.'

तुम्हाला सांगतो, येताना मी टोपली दोन्ही हातांनी धरली होती. वाटेत चढ आहे, तिथं तीन वर्षांपूर्वी मला बसावं लागायचं. आता माझा गुडघा वाकतो, हिचा वाकत नाही. अंजव्वानं बोलणी नेमकी काय केली होती, पोचम्मालाच ठाऊक.

शुक्रवारी बाजारातून नवं पिल्लू आणलं. चांगलं धडधाकट. ते दिवसभर लंगडीच्या मागं फिरतं आणि दुपारी तिच्याबरोबर आरामखुर्चीत. नर्सव्वा विचारते, 'सारू, याला पण अंड्याचं पिवळं?' म्हटलं, मला काय विचारतेस, ते माझं नव्हेच, पोचम्माचं आहे.

कालपासून मुंगूस परत कुंपणाशी येऊन बसतंय. मी हळद, मीठ, तेल आधीच काढून ठेवलंय. आलं-लसूण नर्सव्वा आणेलच.